घुमटातली मडकी

सभागृहाच्या व्यवस्थापकांना घरी आणि कामावर दोन्हीकडे दादाच म्हणत. पाठीमागे मात्र झाडूवाल्यापासून तिकीटखिडकीपर्यंत सगळ्यांनी त्यांचं नाव ‘चकाचक’ पाडलं होतं. दादांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. का आवडू नये? दुसऱ्या कुणाच्या हाती असतं तर या सभागृहाचं एव्हाना गोदाम झालं असतं.

इमारत होतीच तशी. आत एकही खांब नाही. एवढा थोरला काँक्रीटचा घुमट, पण कडेला जाडी म्हणाल तर हातभरही नाही. घुमट आणि भिंत यांच्यामध्ये काचेची चिंचोळी पट्टी गोल फिरवलेली, त्यामुळे सकाळच्या उन्हात घुमट भिंतीवर टेकलेलाच नाही असं वाटायचं. जिन्याचा पितळी कठडा खालच्या पायऱ्यांपाशी हळूच खाली वळायचा, लहान पोराच्या हाताला लागेल इतका. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, उगाच चिकटवलेलं काही नाही. लोक यायचे, वर बघून ‘छान आहे हं’ म्हणायचे आणि पंख्याखालची खुर्ची पकडायचे. दादांचा नुसता जळफळाट व्हायचा.

दादा स्वतः मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचे. दारांच्या बिजागऱ्यांवर जे स्क्रू होते त्यांच्या खाचा बांधणाऱ्यांनी सगळ्या उभ्या, एका रेषेत ठेवल्या होत्या. दुरुस्तीनंतर सुताराने एखादी खाच तिरकी सोडली की दादा त्याला घरून परत बोलवायचे. सुतार वैतागून म्हणायचा, दादा, हे बघतंय कोण? दादा म्हणायचे, मी बघतोय ना.

म्हणूनच त्या दिवशी बाई आल्या तेव्हा दादांना आभाळ ठेंगणं झालं. बाई वास्तुरचनाकार होत्या, आता पिकल्या केसांच्या, हातात काठी. हे सभागृह उभं राहत होतं तेव्हा त्या नुकत्याच शिकून बाहेर पडल्या होत्या आणि त्यांच्या सरांच्या हाताखाली इथे परांचीवर चढल्या होत्या. त्यानंतर परदेशी गेल्या त्या आता पहिल्यांदाच परत आल्या होत्या. दारातच त्या थबकल्या, चष्मा वर केला, बिजागरीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, खाचा अजून उभ्या आहेत!

इतक्या वर्षांत दादांना पहिलं माणूस भेटलं होतं, ज्याला ते दिसलं.

मग काय विचारता. दादांनी त्यांना कठडा दाखवला, काचेची पट्टी पुसायला स्वतः बनवलेली वाकडी काठी दाखवली, फरशीतला एक तुकडा बदलला होता तो ओळखून दाखवा म्हणाले. बाईंना ओळखता आला नाही. आपल्याला ही इमारत मोडकळीस आलेली बघावी लागेल या भीतीने त्या दोनदा ठरवूनही आल्या नव्हत्या, असं त्यांनी सांगितलं. सर असते तर त्यांनी तुम्हाला मिठी मारली असती, असंही म्हणाल्या. दादा लाजले. साठीला टेकलेला माणूस, पण अगदी नव्या नवरीसारखे लाजले.

बोलत बोलत बाई घुमटाच्या बरोबर मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. काठी खुर्चीला टेकवली आणि दोन्ही हातांनी एक टाळी वाजवली.

टाळी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि भिंतीभिंतीवर आपटत राहिली. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मान वर करून घुमट न्याहाळला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, एक डाग नाही.

“इथली भोकं कुठे गेली?” त्यांनी विचारलं.

दादा म्हणाले, ती होय, ती मी बुजवली! आणि मोठ्या हौसेने सांगू लागले. देवीच्या व्रणांसारखी रांगारांगांनी भोकं होती, आत मडकी बसवलेली. मडक्यांत गांधीलमाश्या घर करायच्या. एकदा तर पाहुण्यांच्या भाषणात एक माशी थेट त्यांच्या शालीवर उतरली होती. काँक्रीट वाचवायला मडकी घातली असणार आणि गिलावा करणाऱ्यांनी आळस करून तोंडं उघडी ठेवली असणार, असा दादांचा हिशेब. म्हणून दरवर्षी रंगकामाची परांची लागली की ते एकेक रांग बुजवून घ्यायचे. तोंडावर पत्र्याची चकती, वर लांबीचा लेप, वर रंग. काम इतकं सफाईचं की हात फिरवला तरी कळू नये.

बाई खुर्चीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण हौसेने केलेली चूक दुरुस्त करताना मास्तरीणबाई जशा बोलतात, तशा त्या मऊ आवाजात बोलल्या. घुमट आवाज गोळा करून परत खाली फेकतो. तसं होऊ नये म्हणून ती मडकी होती. फिरणारा आवाज त्यांच्या पोटात जायचा आणि तिथेच जिरायचा. सरांनी प्रत्येक मडकं स्वतः वाजवून निवडलं होतं, लहान, मध्यम, मोठं. “या घुमटाचे कान होते हो ते,” बाई म्हणाल्या.

दादांच्या पायाखालची फरशी सरकली. पण बाईंना वाटलं तेवढ्यावरून नाही. बाईंना मेहुण्यांबद्दल काय ठाऊक असणार?

मेहुणे म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. या सभागृहाचं आवाजाचं टेबल, म्हणजे माइक-स्पीकरचं सगळं काम, त्यांच्याकडे होतं. कान असा तयार, की मागच्या भिंतीला टेकून डोळे मिटायचे आणि तंबोऱ्याची कोणती तार ढिली आहे ते सांगायचे. गवई मंडळी त्यांना कौतुकाने कानसेन म्हणायची. मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. शब्द एकमेकांवर चढायचे, तबला चिखलात पडल्यासारखा वाजायचा. मेहुण्यांनी तारा बदलल्या, माइक बदलले, रात्रंदिवस डोकं लावलं. बिघाड एकदम झाला असता तर कुणाच्याही लक्षात आला असता. पण तो वर्षाला एक रांग असा आला, आणि म्हणून मेहुण्यांना आधी यंत्रांचा आणि मग स्वतःचाच संशय यायला लागला.

एकदा ते दादांना म्हणाले होते, दादा, तुमचा घुमट हल्ली उलटून बोलायला लागलाय. दादांना ते झोंबलं. माझ्या घुमटात खोट काढता? ते फटकन म्हणाले, घुमट होता तिथेच आहे पाहुणे, कान तपासा तुमचे. पुढे एका मोठ्या गायिकेने मध्येच गाणं थांबवलं, सभागृहाच्या समितीने चौकशी लावली, तेव्हा तिथेही दादा हेच बोलले. सख्खा मेहुणा असूनही मी खरं तेच बोललो, म्हणून त्यांना त्या वेळी स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला होता.

मेहुण्यांनी वाद घातला नाही. कान तपासून आले, डॉक्टर म्हणाले काही दोष नाही. पण डॉक्टरला सुरातलं काय कळतं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि राजीनामा दिला. आता घराच्या पुढच्या खोलीत ते इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्त करत. कानाचं काम नाही असलीच कामं घेत. घरातलं रेडिओचं बटण त्यांनी पुन्हा कधी फिरवलं नाही. बोलणंही कमी झालं. आणि माणूस उत्तर देईना म्हटल्यावर घरच्यांनी आपापसात ठरवूनच टाकलं की ह्यांना ऐकू येत नाही. बहीण ओरडून बोलायला लागली, पोरं हातवारे करायला लागली. आणि दादा? दादा जेवायला गेले की पानावर बसल्या बसल्या मोठ्यांदा म्हणायचे, “काय कानसेन, भात वाढू का? भा-त!” सगळे हसायचे. मेहुणेही हसायचे.

ते हसू आत्ता, घुमटाखाली उभं असताना, दादांना आठवलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंना त्यांनी शब्द दिला की सगळी मडकी उघडतो. बाई गेल्या. दादांनी शिडी लावली आणि सर्वांत खालच्या रांगेतलं एक तोंड छिन्नीने हळूच फोडलं. रंगाचे थर सुटले, लांबी गळाली आणि चकती हातात आली. त्यांनी मडक्यात हात घातला. आत गार होतं, आणि अगदी कोरडं. चकती खिशात टाकून दादा बराच वेळ शिडीवरच बसून राहिले. घरी परतायचं सोडून पाय आपोआप बहिणीच्या घराकडे वळले.

आता तुम्ही म्हणाल, गेले असतील आणि मेहुण्यांचे पाय धरले असतील. कसलं काय! वाटेत दादांच्या मनाने दुसरीच वाट काढली. जशी एकेक रांग बुजवली तशी एकेक रांग उघडता येईल. दरवर्षी थोडी. कुणाला पत्ता लागणार नाही, समितीला नाही आणि मेहुण्यांना तर नाहीच. फक्त बहिणीला सांगायचं, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. लाज माणसाला शहाणं करते असं जे म्हणतात त्यांनी दादांना त्या संध्याकाळी बघायला हवं होतं.

पुढच्या खोलीत मेहुणे इस्त्री उघडून बसले होते. दादांच्या तोंडून सवयीने मोठा आवाज निघाला, काय पाहुणे, बरं आहे ना! मेहुण्यांनी मान डोलावली. दादा आत स्वयंपाकघरात गेले. बहीण भाजी चिरत होती. भाचरं पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. दादांनी ओट्यावर चकती ठेवली आणि हलक्या आवाजात, अगदी तिच्या कानाशी, सगळं सांगितलं.

बहिणीचा विळीवरचा हात थांबला. “म्हणजे ह्यांचे कान चांगले होते?” तिनेही कुजबुजतच विचारलं.

दादांनी मान खाली घातली.

तिने विळी बाजूला सारली. मग म्हणाली, “मी किती ओरडले रे ह्यांच्यावर. शेजाऱ्यांदेखत ओरडले.” आणि पदराने डोळे पुसले.

दादा म्हणाले, हे बघ, झालं ते झालं. आता उकरून काढून काय मिळणार? त्यांना उगाच त्रास होईल. मी गुपचूप सगळी मडकी उघडून टाकतो. “तू फक्त त्यांना काही सांगू नकोस,” दादा म्हणाले, आणि आवाज आणखी खाली आणून पुढे म्हणाले, “मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही गं.”

तेवढ्यात दोघांच्याही लक्षात आलं की बाहेरच्या खोलीतला पान्ह्याचा आवाज केव्हाच थांबलाय.

“दादा,” बाहेरून मेहुणे म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता. “ऐकलं मी.”

मेहुणे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हाताला काळं लागलं होतं, ते फडक्याला पुसत होते. ओट्यावरची चकती उचलून त्यांनी उलटीसुलटी करून बघितली, तिच्यावरचे रंगाचे थर नखाने मोकळे केले.

“मला ऐकू येतं हे मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “या घरात माझ्यासमोर माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं, सगळं ऐकलंय. पण बरोबर ऐकू येतं का, याची खात्री गेली होती. तबला खराब वाजतोय की मलाच खराब ऐकू येतोय, तेच कळेना.”

दादा हात जोडायला गेले. मेहुण्यांनी चकती त्यांच्या जोडलेल्या हातांत ठेवली, त्यामुळे हात धड जोडलेही राहिले नाहीत आणि सुटलेही नाहीत.

“माफी नंतर बघू,” मेहुणे म्हणाले. “भाताची चेष्टा तुम्ही पोरांसमोर करायचात ना? मग हेही पोरांसमोर सांगा.”

बहिणीने मुलांना हाक मारली. अंगवळणी पडलेला तो चढा आवाज तिने अर्ध्यावर खाली आणला. मुलं आली, एक दाराशी, एक आईपाशी, आणि मामाच्या हातातल्या पत्र्याच्या तुकड्याकडे बघू लागली. दादांनी घसा खाकरला. खाली मान घालून, ओठांतल्या ओठांत, त्यांनी गांधीलमाश्यांपासून सुरुवात केली.

“असं नाही दादा,” मेहुणे म्हणाले, “मोठ्यानं बोला.”