हौदाला विचारलं का कुणी?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हौद आहे. जपानातल्या डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलात मी राहतो. नवा होतो तेव्हा माझ्या लाकडाच्या वासाचं फार कौतुक व्हायचं. आता माझ्या फटींत शेवाळ धरतं आणि कौतुक शेजारच्या फरशीच्या हौदाचं होतं. होऊ दे. माझा राग आहे तो दारावरच्या पाटीवर. ‘गोंदलेल्यांना प्रवेश नाही.’ गोंदलेल्या गुंडांनी एकदा इथं धिंगाणा घातला, म्हणून मालकीण हिसाएबाईंनी ती ठोकली. पाणी माझ्या पोटात, पण नियम करताना मला कुणी विचारलं नाही.

पुढे हिसाएबाईंच्या मुलाचं लग्न ठरलं. नवरी तोमिको दक्षिणेच्या बेटावरची, आईविना वाढलेली. तिला वाढवणाऱ्या कामादो आजी लग्नासाठी बोटीनं आल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नातीची पाठ चोळून तिला न्हाऊ घालायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्यांच्या बेटावर पूर्वी लग्नाच्या पोरींचे हात गोंदत. आजींचे दोन्ही हात बोटांपासून मनगटापर्यंत निळे होते.

दोघी न्हाणीघराच्या दाराशी आल्या, तेव्हा आत हॉटेलात उतरलेल्या दोन बायका होत्या. त्यांना दिसू नये म्हणून हिसाएबाईंनी आजींसाठी पांढरे सुती हातमोजे आणले. आजींनी ते हातात घेऊन बघितले आणि परत त्यांच्या हातात ठेवले.

“विहीणबाई, कापड पाण्यात बुडवायचं नाही, हाही तुमचाच नियम ना? मग यातला कोणता मोडू?”

पाण्यात बसताना पंचासुद्धा घडी करून डोक्यावर ठेवणारी ही माणसं! पाटीच्या नादात हिसाएबाई तेच विसरल्या होत्या.

“या हातांनी हिला लहानाची मोठी केली,” आजी म्हणाल्या. “मी ते लपवणार नाही.”

तोमिको आजींना खेटून उभी राहिली.

“सासूबाई, आजी बाहेर, तर मीही बाहेर. उद्यासुद्धा.”

हिसाएबाई दारातून बाजूला झाल्या. पाहुण्या बायका नाकं मुरडत निघून गेल्या. जाईनात का! आजींनी नातीची पाठ लाल होईस्तोवर चोळली आणि दोघी माझ्यात उतरल्या. मी काठोकाठ भरून वाहिलो. नवा असतानाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

मित्रांनो, पाटी अजून तिथंच आहे. तुम्ही याल तेव्हा आधी अंग स्वच्छ धुवा, जमलं तर माझं शेवाळही काढा. आणि कुणी दारात हात लपवून उभं असेल, तर त्याला आत घेऊन या. मालकीणबाईंनी अडवलं, तर सांगा, हौदानं बोलावलंय.