मांडीवरची पिशवी

"पिशवी मागे ठेवतो, किती अवघडून बसलीयस," म्हणत गाडी चालवणाऱ्या लेकानं शेजारी बसलेल्या आईच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि ती नको म्हणायच्या आत मागच्या सीटवर टाकलीही. पिशवी दणकन आदळली. त्याच क्षणी समोर एक छोटा पिवळा दिवा लागला.

बाहेर धुकं असं दाटलं होतं की झाडं, पूल, घरं सगळी विरघळून गेली होती. दर रविवारी सकाळी मायलेक गाडीतून नदीपर्यंत चक्कर मारून यायचे. आज गाडी चालते आहे की तरंगते आहे, तेच कळत नव्हतं.

"दिवा बिघडला वाटतं," आई म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

गाड्यांच्या सीट दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. गिऱ्हाईक आलं की टकळी सुरू: गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. मोठं माणूस बसलेलं असलं, तर अपघातात समोरची एअरबॅग उघडते. लहान मूल असलं, तर दिवा लागतो आणि ती बंद राहते, नाहीतर तिच्या दणक्यानंच मुलाला इजा व्हायची. शेवटी ठरलेलं वाक्य: "माणूस थापा मारेल, सीट मारणार नाही." आईला हे सगळं तोंडपाठ होतं. शेजारणींनाही ती ऐकवायची.

ही सीट त्यानं गेल्याच महिन्यात तपासली होती, सेन्सर ठणठणीत होता.

नदीकाठी त्यानं गाडी थांबवली. आईचा डोळा लागला होता. तो हळूच उतरला, मागचं दार उघडून पिशवीची चेन ओढली. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला लोखंडी खलबत्ता होता.

फिरायला निघालेली बाई खलबत्ता घेऊन! एरवी तो पोट धरून हसला असता. त्यानं आईकडे पाहिलं. डॉक्टरांचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीय?" म्हणणारी आई. झोपेत तिच्या जाड स्वेटरची बाही वर सरकली होती, आणि मनगटावरचं घड्याळ पार कोपराशी गेलं होतं. जगाच्या सीट तपासत फिरणाऱ्याला हे दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त.

तो पुन्हा आत येऊन बसला तेव्हा आई जागी होती.

"बिघडलाच आहे ना रे दिवा?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला तेच हवं होतं. खरं तर त्यालाही.

"नाही गं."

आईनं धुक्याकडे तोंड फिरवलं. पाण्याचा नुसता आवाज येत होता.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला.

"तुझे बाबा तिथून परत आले नाहीत."

"तुला मी परत आणीन. इथंच बसवून, माझ्या शेजारी."

आई बाही खाली ओढायला लागली, मग तशीच राहू दिली.

"दिवा लागेल."

"लागू दे," तो म्हणाला, आणि त्यानं हलकेच गाडी वळवली.