चाळीस अंशांची ऊब

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि बैठकीच्या खोलीत पंधरा माणसं अनवाणी बसलेली. कोपऱ्यावरचा शिंपी, बेकरीवाली, वरच्या मजल्यावरचं जोडपं. सगळ्यांची नजर खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर. मास्तर बहिणीला भेटायला आले ते दारातच थबकले.

"घाई नको, मंडळी," ऊबबाबा डोळे मिटून सांगत होते. उजवा हात शालीत. "परलोकाची वाट लांबची. आधी मन निववा, मग फरशी तापेल!"

अर्धा तास हे गुऱ्हाळ चाललं. मग बेकरीवाली किंचाळली, "आली! ऊब आली!"

बहिणीच्या डोळ्यांना धार लागली. ती खुर्चीच्या पायाशीच बसली होती, पायांवर जाड रजई. "दादा, हात लावून बघ. हे बसायचे तिथंच!"

मास्तरांनी रजईखाली, जिथं ऊब कोंडली होती तिथं, फरशीला हात लावला आणि झटकन काढला. त्यांनी रजई उचलली. बहिणीच्या टाचेवर वाटाण्याएवढा फोड.

"अगं बयो, हा कधीचा?"

"कसला?" तिनं वाकून पाहिलं. मधुमेहानं तिच्या तळपायांची जाणीव कधीच गेली होती.

"इन्सुलिन घेतेस ना?"

"बाबांनी बंद करायला सांगितलंय. हे स्वतः पाय शेकतायत, मग सुया कशाला?"

मास्तरांच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि सख्खी बहीण ही अशी! "अगं, भावोजींनीच फरशीखाली विजेच्या तारा घातल्यात. तू होतीस ना समोर?"

"तारा ठाऊक आहेत रे. पण हे गेल्यापासून मी बटणाला बोट लावलेलं नाही. मग चालू कुणी केलं?"

"विज्ञान इथंच संपतं," बाबा पुटपुटले.

"प्रश्न मात्र झकास विचारलास," मास्तर म्हणाले. "चालू कुणी केलं?" त्यांनी कपाटावरचा टॅबलेट काढला. घराची यंत्रणा त्यावर दिसायची. प्रत्येक चालू-बंदची नोंदही. ते मोठ्यानं वाचू लागले, "आज चार वाजून पाच मिनिटं. खिडकीजवळचा भाग चालू. मर्यादा सव्वीस अंशांवरून चाळीस. हुकूम कुणाचा? भावोजींचा फोन."

"बघ!" बहीण हुंदका देत म्हणाली. "यांच्याच फोनवरून!"

खोलीभर 'अहाहा' झालं. मास्तरांना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

"तो फोन आहे कुठे?"

"बाबांना दिला. यांनी रोज हाताळलेली वस्तू हवी होती त्यांना."

"आणि कुलूप उघडायचा आकडा?"

"तोही दिला. लहरी जुळवायला."

कुणीतरी खुसकन हसलं. मास्तरांनी टॅबलेटवरून तो फोन यंत्रणेतून काढून टाकला आणि खिडकीजवळचा भाग बंद केला. "बाबा, आता दाराजवळची फरशी तापवा. ती गार आहे."

शालीत हात वळवळला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, पाऊण तास झाला. फरशी बर्फ.

"संशयी माणूस आलाय! आत्मा रुसला!" बाबा गरजले.

मास्तरांनी टॅबलेटवर बोट टेकवलं. "आता तारा तापतील, मग त्यांच्यावरची फरशी. अर्धा तास लागतो. बाबांचं प्रवचन तेवढंच लांब का, कळलं?"

अर्ध्या तासानं दाराशी ऊब आली, आणि शिंपी चक्क मास्तरांच्या पायांवर वाकला. "मास्तर, तुम्ही तर बाबांपेक्षा पोहोचलेले!"

"पाय सोडा हो माझे! तुमची इस्त्री तापते तेव्हा तिच्या पाया पडता का?"

शिंप्यानं तोंड वासलं. "म्हणजे... इस्त्रीच की ही! फरशीखालची!"

बेकरीवालीनं पुढं होऊन शाल खेचली. आतून भावोजींचा फोन ठणकन खाली पडला. बाबा चपला घालायलाही थांबले नाहीत.

"मंडळी," मास्तर दमून म्हणाले, "चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे कुणी आणि कसं केलं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांचं औषध बंद करू नका."

माणसं खाली मान घालून निघून गेली. बहीण फोन हातात धरून बसली होती.

"म्हणजे हे आले नव्हते."

रागावायचं खूप मनात होतं, पण मास्तर तिच्याशेजारी टेकले. "नाही आले, बयो. पण सव्वीसची मर्यादा कुणी घातली होती?"

"यांनी." तिनं फोनवरून बोट फिरवलं. "म्हणायचे, तुला चटका कळत नाही, यंत्राला तरी कळू दे."

तिनं डोळे पुसले आणि फोड आलेला पाय सांभाळत, भिंतीचा आधार घेत उठली.

"चल दादा, डॉक्टरांकडे. पण आधी ते पुन्हा सव्वीसवर कर."