काळ्या खाणीतली रडणारी बाई

बारा वर्षांनी त्या माणसाचा फोन आला आणि म्हणतो काय, "मार्झान, अजून रागावलीयेस?"

अजून! जसं काही मी त्याच्या लग्नात रुसून बसले होते. मी म्हटलं, "आल्दियार, काम सांग."

काम असं होतं. आम्ही अल्माटीत सहा जणांनी मिळून एक भुताचा गेम केला होता, 'काळी खाण'. बंद पडलेली युरेनियमची खाण, हातात बंदूक, डोळ्यांसमोर फक्त बंदुकीची नळी आणि पुढचा अंधार. तो चालला म्हणून दुसरा भाग केला, आणि दुसरा पहिल्याहून जोरात चालला. मग प्रकाशकाशी भांडणं, हक्कांचे घोळ, आणि तो बाजारातूनच गेला. आता परदेशातलं एक ऑनलाइन दुकान, जे जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालतील असे करून विकतं, ते दुसरा भाग घ्यायला तयार झालं होतं. पहिला तिथे आधीपासून होताच, आणि लोक रोज विचारायचे, दुसरा कधी, दुसरा कधी.

"सगळं चालतंय," आल्दियार म्हणाला, "फक्त आवाज फाटतोय. आपली मूळ डिस्क मेली. तुझ्याकडे काही असेल ना जुनं? तू तर काडीसुद्धा फेकत नाहीस."

माझ्याकडे होतं. गेमचे सगळे आवाज मीच केलेले, पाणी ठिबकण्यापासून खाणीत माणसं उतरवणाऱ्या लोखंडी पाळण्याच्या करकरीपर्यंत. फक्त एक सोडून. आणि तो एक माझ्याकडे मूळ रूपात होता, रेकॉर्डरच्या कार्डावर, एक्केचाळीस मिनिटं. नोकरी सोडली त्या दिवशी ते कार्ड मी आल्दियारच्या टेबलावरून उचललं आणि पर्समध्ये टाकलं. चोरी म्हणा हवं तर.

आता तो आवाज कुठून आला ते सांगते.

माझा मोठा भाऊ मुखित ट्रक चालवायचा. कापशागायच्या रस्त्यावर बर्फात गेला. चौतीस वर्षांचा होता. आमच्याकडे मयताच्या घरी बायका गाऊन रडतात, त्याला झोक्ताउ म्हणतात. आधी ठरवलेलं काही नसतं. आई असेल तर आई तिथल्या तिथे शब्द जुळवते, जे मनात येईल ते, आणि पुन्हा कधी ते तसंच म्हणत नाही. माझी आई, उल्बोसिन, तीन दिवस रडली. आल्दियार त्याच्या आईला, कुल्पाश आपांना घेऊन भेटायला आला. वडीलधाऱ्या बाईला आम्ही आपा म्हणतो. कुल्पाश आपा माझ्या आईच्याच गावच्या. त्या आईच्या कमरेला हात घालून बसल्या आणि आल्दियारने आपला कोट खुंटीला लावला. खिशात ऑफिसचा रेकॉर्डर. चालू.

मी चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत गावीच होते. परत आले तर दुसरा भाग तयार, आणि बोगद्यात एक पांढऱ्या कपड्यातली बाई, पाठमोरी, रडतेय. आवाज खाली ओढलेला, लांबवलेला, पार घोगरा केलेला. ती रडायला लागली की खेळणाऱ्याचा हात थरथरतो, नेम चुकतो. थांबवायचा उपाय एकच. तिला गोळ्या घालायच्या.

आवाज कितीही ओढा, आई आहे हो माझी. दोन सेकंदांत ओळखली.

मी त्याच्या अंगावर धावून गेले. तो खुर्चीतून हललासुद्धा नाही. "अगं, कोणाला कळणार आहे? इतका बदललाय मी."

"ती काय म्हणतेय ते तुला कळतं तरी का रे?"

"कळायला कशाला हवं? रडणं आहे. रडण्याला भाषा नसते, मार्झान."

त्याचं सगळं शिक्षण रशियनमधून. कझाक त्याला एवढंच येतं, की आईने जेवायला हाक मारली तर उठावं. वर म्हणाला रेकॉर्डर कंपनीचा, तूही कंपनीची, कागदावर सही आहे तुझी. त्याच वर्षी 'सर्वोत्तम भीतिदायक आवाज' असं काहीतरी बक्षीस मिळालं, आणि प्रमाणपत्रावर नाव कोणाचं? माझं. लोक रस्त्यात थांबवून सांगायचे, ती रडणारी बाई काय जबरदस्त केलीयेस! मी मान हलवायचे. आईला कधीच सांगितलं नाही.

तर आता त्याचा फोन. मी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "देते की," म्हटलं. "सगळं स्वच्छ करून देते."

"पैशांचं बोल ना."

"जुन्या मैत्रीखातर," मी म्हणाले, आणि तो चक्क गहिवरला. मूर्ख.

तीन आठवडे बसले. बाकीचे आवाज जसे होते तसे ठेवले. बाईच्या आवाजावरचा सगळा रंग तेवढा खरवडून काढला. ओढलेला सरळ केला, घोगरा होता तो मूळ उंचीवर आणला. शेवटी उरली फक्त माझी आई, त्या दिवशीची, खोलीतल्या बायकांच्या हुंदक्यांसकट. एकेक वाक्य ऐकून मी कापत होते, जोडत होते. रडले नाही. दात आवळून बसले होते.

आणि खरी गंमत तर पुढेच. फाइल पाठवली, ती त्याने ऐकली. एकदा नाही, तीनदा. मला फोन करून म्हणाला, "काय स्वच्छ झालंय गं! अंगावर काटा आला. हे तर पहिल्यापेक्षा भारी!" दुकानवाल्या परदेशी माणसांनीही ऐकलं आणि पसंतीचं कळवलं. त्यांचं सोडा, त्यांचा काय संबंध. पण हा? ह्याच्या आईच्या मांडीवर जी भाषा बोलली गेली, त्या भाषेत एक बाई मुलाला नाव घेऊन हाका मारतेय, आणि हा मला शाबासकी देतोय. मला तेवढंच हवं होतं.

गेम दुकानात यायच्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्याने एका जुन्या थिएटरात कार्यक्रम ठेवला. शे-दीडशे पोरं, हातात खिम्याचे सामसे आणि कोला, अंगात काळे टी-शर्ट. मोठ्या पडद्यावर तो स्वतः तिसरी पातळी खेळून दाखवणार होता. आणि पहिल्या रांगेत मधोमध कुल्पाश आपा, मखमली जाकीट, डोक्याला पांढरा रुमाल. आईला घेतल्याशिवाय ह्याचा एकही कार्यक्रम होत नाही. मलाही त्याने पुढेच बसवलं, आपांच्या शेजारी. त्यांनी माझे गाल कुरवाळले. "आई कशी आहे गं, बाळा? गुडघे?"

"बरी आहे, आपा," मी म्हणाले. त्या क्षणी उठून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उठले नाही.

आल्दियारने कानांवर मोठे हेडफोन चढवले, पोरांना हात केला आणि सुरू झाला. बोगदा. पाणी. पाळण्याची करकर. पोरं खिदळत होती, मध्येच कोणी किंचाळायचा, मग सगळे हसायचे. मग वळणावर ती पांढरी पाठ दिसली.

आणि आई रडायला लागली.

"मुखित, माझ्या शिंगरा," थिएटरच्या चारही कोपऱ्यांतून आवाज आला, "तुझ्या गाडीचे दिवे कुंपणावर पडले की मी चहा ठेवायचे. आज दिवे पडले, माझ्या शिंगरा, आणि उतरले ते परके लोक..."

हसणं एकदम थांबलं असं नाही. मागून कोणीतरी अजून फिदीफिदी करत होता, त्याला शेजाऱ्याने कोपर मारलं. ज्यांना कळत होतं ते आधी गप्प झाले. ज्यांना कळत नव्हतं त्यांनी त्यांची तोंडं बघितली आणि तेही गप्प झाले. दाराशी उभ्या असलेल्या वयस्कर रखवालदाराने टोपी सारखी केली, दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले, मयताच्या घरी फिरवतात तसे. मग पुढच्या रांगेत एकाने. मग अजून चार जणांनी. काळे टी-शर्ट घातलेली पोरं, कोला खाली ठेवून.

"हाताची बोटं मोजली मी तुझ्या जन्मी," आई म्हणत होती, "आज एक कमी आहे रे, हातमोजा काढू कसा..."

माझ्या शेजारी कुल्पाश आपा ताठ झाल्या. "ही उल्बोसिन," त्या हळूच म्हणाल्या. मग जोरात, "ही उल्बोसिन आहे! आल्दियार! अरे, मी तिथे होते! आल्दियार!"

पण त्याच्या कानांवर हेडफोन. त्याला हाका ऐकू येत नव्हत्या, शांतता ऐकू येत नव्हती, पडद्यावर नेम थरथरत होता तेवढं दिसत होतं. तो माइकमध्ये, बारा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात मारतो तोच विनोद मारत म्हणाला, "बाई, पुरे झालं आता तुझं!" आणि गोळ्या घातल्या. तीन. पाठीत.

आई वाक्याच्या मधेच थांबली.

त्याने हसत हेडफोन काढले, टाळ्यांसाठी हात पसरले. एकही टाळी नाही. त्याची नजर फिरत फिरत आईवर आली. कुल्पाश आपा उभ्या होत्या. एवढीशी बाई, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तुझ्या मैत्रिणीच्या भावाच्या मयताला मी तुला हात धरून नेलं होतं, हरामखोरा. काय आणलंस तिथून?"

तो माझ्याकडे बघायला लागला. कळलं त्याला. हळूहळू चढत गेलं ते त्याच्या तोंडावर, कानांच्या पाळ्यांपासून. मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. बारा वर्षं मी त्या एका नजरेसाठी थांबले होते, आणि ती मिळाली. छाती इतकी हलकी झाली की मला हसूच आलं. आपा कोणाचाही हात न धरता थिएटरबाहेर गेल्या.

पोरांच्या मोबाइलवर सगळं होतंच. संध्याकाळपर्यंत ते देशभर फिरलं. दुकानाने गेम तात्पुरता काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "आल्दियारला घेऊन कुल्पाश येतेय. तूही ये." एवढंच.

तीन-साडेतीन तास गाडी चालवताना मी गात होते. मला त्याचं नाक घासलेलं बघायचं होतं, समोर बसून.

आणि ते दिसलंही. आईच्या बैठकीत तो गुडघ्यांवर होता, डोळे सुजलेले.  आईने विचारलं, "किती वेळा ऐकलंस रे मला?"

"खूप वेळा, आपा. शेकडो."

"मी काय म्हणाले त्यात?"

 आईने कुल्पाश आपांकडे बघितलं. मग कुल्पाश आपांनी पोराला रशियनमधून सांगायला सुरुवात केली, एकेक ओळ, आठवत तशी. दिवे, चहा, बोटं. पुढे मुखितच्या बुटांचं होतं, ते मलाही ऐकवत नाही. आल्दियार चटईवर आडवा झाला आणि गुरासारखा रडला. मी बघत होते. छान वाटत होतं मला. सांगतेच, छान वाटत होतं.

आपांचं संपलं. आईने नान मोडला. आमच्याकडे घरातून निघणाऱ्याने भाकरीचा एक घास मोडून खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो, मग तो शत्रू का असेना. तिने तुकडा आल्दियारच्या हातात ठेवला. "खा," म्हणाली. त्याने खाल्ला. आपांना दिला. त्यांनी खाल्ला.

मी हात पुढे केला. आईने उरलेल्या नानवर फडकं टाकलं.

"आई?"

"ह्याला काय कळत होतं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "बकऱ्याला पोथी काय. तुला कळत होतं. शब्द न् शब्द कळत होता. तीन आठवडे बसून तू मला धुतलंस, पुसलंस, आणि गोळ्या झेलायला उभं केलंस."

"तुझ्यासाठी केलं मी! त्याला धडा शिकवायला!"

"मला विचारलंस?"

 बारा वर्षांत हजार उत्तरं केली होती मनात, सगळी आल्दियारसाठी.

"भिंतीकडे तोंड करून रडले होते मी," आई म्हणाली. "त्याने चोरलं ते भिंतीकडचं. तोंड फिरवून लोकांसमोर बसवलंस तू." मग उठली, फडक्यासकट नान उचलला आणि आत गेली.

गेम पुन्हा दुकानात आला आहे. त्या बाईला आता आवाज नाही, ते काम मीच केलं, आणि लोक तक्रार करतात की मजा गेली. आल्दियारला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तो पुन्हा भेटला तर पुन्हा तेच करीन, असं मी रोज स्वतःला सांगते. पण त्या दिवशी मी आईच्या घरातून तोंडात घास न घेता निघाले, आणि अंगणातलं फाटक माझ्यासाठी उघडून धरलं ते त्यानेच.