मागून बसलेली लाथ

श्रीनिवासरावांना लाथ कोणी मारली, याचा निकाल घरात केव्हाच लागला होता. आरोपी शालूचा सख्खा भाऊ संभाजी. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकटे श्रीनिवासराव. बायको म्हणून हा खटला रोज ऐकून शालूच्या डोक्याचं पार भजं झालं होतं.

घडलं ते एवढंच. रविवारी बॅडमिंटनला दोघं एका बाजूने खेळत होते. श्रीनिवासराव जाळीजवळ, संभाजी मागे. "दाजी, पोट सांभाळा," असं तो नुकतंच म्हणाला होता. शटल उचलायला श्रीनिवासरावांनी झेप घेतली, टाचेमागे फट्‌कन आवाज झाला आणि ते मटकन खाली बसले. वळून पाहतात तर मागे मेहुणा! लंगडत उठून त्यांनी त्याच्या कानाखाली लगावली. "जावयाला लाथ मारतोस?"

संभाजीने रॅकेट उचलली आणि निघून गेला. शालूच्या लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि त्याने निरोप धाडला, "मंगलाष्टकांना मुलीच्या मागे उभा राहायला दुसरा मामा बघा." दुसरा मामा काय स्वारगेटला मिळतो? शालूला भाऊ एकच. ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

इकडे गृहस्थ टाचेला हळदीचा लेप लावून बसलेले. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर तयार, "एक्स-रे काढलाय. हाड धड आहे. बोटं हलतायत, चालतोय. मुरगळलाय फक्त." चालत होते कसले, पाय ओढत होते. जिना चढताना टाच उचलत नव्हती. शेवटी शालूनेच रिक्षा बोलावली आणि त्यांना डॉक्टर उल्का यांच्यापुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपवलं, पावलं खाटेबाहेर लोंबू दिली. चांगल्या पायाची पोटरी दाबली, पाऊल खाली हललं. दुसऱ्या पायाची दाबली, पाऊल ढिम्म. टाचेच्या वर बोट फिरवलं तर तिथे खड्डा.

"पोटरीला टाचेशी बांधणारा टेंडन तुटलाय. एक्स-रेत तो दिसत नाही. इतके दिवस काय करत होतात?"

"मेहुण्याने लाथ मारली हो मागून."

"मारली नाही. कुठे मुका मार नाही, वळ नाही. हा तुटला की सगळ्यांना तसंच वाटतं. परवा एकजण आले होते. गच्चीत एकटेच दोरीवरच्या उड्या मारत होते, तरी मागे वळून बघत होते."

"तरी पण त्याचा धक्का—"

"अहो, पुरे!" शालू एवढ्या जोरात ओरडली, की बाहेरचे पेशंट गप्प झाले. "पाय तुमचा, हट्ट तुमचा, आणि भाऊ गेला माझा!"

श्रीनिवासराव पालथेच पडून राहिले. कान लाल झाले होते.

तुटलेली टोकं लांब गेली होती, म्हणून ऑपरेशन करून शिवावं लागलं. पाऊल खाली झुकवून प्लास्टर घातलं, टेकायचं नाही म्हणून बजावलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी संभाजीला फोन लावला, "ती लाथ नव्हती रे," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. माफी म्हणतात ती हीच का, असं शालूच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

घरी आणलं त्या दिवशी कसब्यातल्या त्यांच्या बिनलिफ्टच्या इमारतीखाली संभाजी उभा होता. त्याने कुबड्यांकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं.

"दाजी, चढताना मागे कोणीतरी लागेल. मी राहू, की दुसरा बघताय?"

श्रीनिवासरावांनी कठडा धरला.

"तूच राहा," ते म्हणाले. "आणि पोरीच्याही मागे तूच."