पुकारलेला रंग

स्वातीचा निरोप आला तेव्हा नचिकेत जेवत होता. तो वाचला आणि हातातला घास हातातच राहिला. संध्याकाळची बैठक तिने दुपारवर आणली होती. "माझी स्क्रीन दाखवते, तू वरून खाली रंग सांगत जा. सगळं बरोबर निघालं तर आजच पाठवून देऊ." पुण्याच्या ऑफिसात बसून त्याचं काम तपासणाऱ्या स्वातीला यात अवघड काय वाटणार? झाशीत, ओरछा गेटच्या गल्लीत बसलेल्या नचिकेतची मात्र पाचावर धारण बसली.

काम त्याचंच होतं. त्यांची कंपनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एडिटर बनवायची. त्यात टाइप करत गेलं की शब्दांवर आपोआप रंग चढतात. राखीव शब्द निळे, नावं हिरवी, अवतरणातला मजकूर लाल. वाचणाऱ्याची नजर मग अडखळत नाही. एका नव्या भाषेसाठी हे रंग फार गचाळ उतरत होते. कुणाचं अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं की खालचं सगळं पान लालेलाल व्हायचं. नचिकेतने त्याचे नियम नव्याने लिहिले, आणि खरंच सुरेख लिहिले. अडचण एवढीच, की ज्या रंगांसाठी त्याने इतका घाम गाळला त्यातला लाल आणि हिरवा त्याला वेगळा दिसतच नव्हता. दोन्ही सारखेच मातकट.

स्वतःच्या मशीनवर त्याचं निभावत असे. शब्दावर कर्सर नेला की तो कुठल्या प्रकारात पडला ते लिहून येई, आणि शेवटची नजर टाकायला आई होती. प्रेमलाताई पोळ्या आटोपून पदराला हात पुसत यायच्या आणि "हा हिरवा, हा लाल, आणि हा मेला पण लालच" असं सांगून जायच्या. आज त्या समथरला गेल्या होत्या, भाचीच्या मुलाच्या बारशाला. फोन लावला तर मागे ढोलक आणि बायकांची गाणी, कोण बोलतंय हेसुद्धा त्यांना कळेना. शिवाय स्वातीच्या स्क्रीनवर कर्सर तिच्या हातात असणार.

घरात उरले बाबा.

गजाननराव रेल्वेत मेल गाड्या चालवून निवृत्त झाले होते. भुसावळहून बदलीवर आले आणि झाशीचेच झाले. मुलगा रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे सहाय्यक ड्रायव्हरची, लेखी परीक्षा पास झाला तेव्हा त्यांनी ड्रायव्हर हजेरी लावतात त्या सगळ्या लॉबीत पेढे वाटले होते. मग मुलगा मेडिकल तपासणीला गेला आणि परत येऊन म्हणाला, मला रेल्वे नकोच, कॉम्प्युटरमध्येच काम करायचंय. तेव्हापासून बाप त्याच्याशी सरळ बोलला नव्हता. "त्याला सांग, पंखा बंद कर," असं सगळं आईमार्फत. पाहुण्यारावळ्यांना मात्र मोकळेपणाने ऐकवायचे, की साहेबांनी रेल्वेला लाथ मारली.

मेडिकलमध्ये रंगांची नजर तपासायला दाखवतात त्या ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा नचिकेतला दिसलाच नव्हता, हे फक्त आईला ठाऊक होतं. ड्रायव्हरच्या घरात वाढलेल्या पोराला वेगळं काय सांगायचं? डोळ्यात फेल झालेल्या माणसाला इंजिनावरून उतरवतात, कुठल्यातरी खुर्चीत बसवतात आणि त्याचं नाव निघालं की माणसं आवाज खाली करतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. जगातल्या सगळ्या नोकऱ्या रेल्वेसारख्याच असतात, असं त्याने धरून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कंपनीत त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि रोज सकाळी लॅपटॉप उघडताना त्याला भीती वाटायची ती वाटायचीच.

"बाबा, जरा येता का?" दारात उभं राहून तो म्हणाला. "डोळ्यात काहीतरी गेलंय, रंग धड दिसत नाहीयेत. मीटिंग आहे. कुठला शब्द कुठल्या रंगाचा, तेवढंच सांगायचं."

गजाननरावांनी पेपर खाली केला. उत्तर कुणामार्फत द्यावं म्हणून सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"पानी मार डोळ्यावर," ते म्हणाले आणि चष्मा सावरत येऊन शेजारी बसले.

बाबा बोलतील तेव्हा माइक बंद करायचा, मग सुरू करून आपण सांगायचं, असं नचिकेतने ठरवलं. कानात स्वातीचा आवाज आला, पडद्यावर ओळी उमटल्या.

"पहिला निळा," बाबा म्हणाले.

"निळा." हा त्याला दिसत होताच.

"मग हिरवा."

"हिरवा."

"लाल. तो टोकाचा परत हिरवा."

दोन-तीन ओळींत गजाननरावांची पाठ ताठ झाली आणि उजवा हात आपोआप वर उठायला लागला. इंजिनावर सिग्नल दिसला की एकाने पुकारायचा आणि दुसऱ्याने स्वतः बघून तोच पुन्हा पुकारायचा, ही त्यांची जन्माची शिस्त. नचिकेतला भीतीतही बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी बापाचा आवाज थेट त्याच्याकडे येत होता. तिकडे स्वातीही खूश होती.

पण गजाननरावांचं लक्ष आता नुसतं पडद्यावर नव्हतं. बारीक अक्षरातला स्वल्पविरामसुद्धा पोराला स्वच्छ दिसत होता. एकदाही त्याने डोळा चोळला नव्हता. आणि रंग पुकारताना तो पडद्याकडे बघतच नव्हता, बापाच्या ओठांकडे बघत होता.

"आता खरी परीक्षा," स्वाती म्हणाली. "मी एक अवतरणचिन्ह मुद्दाम काढते. खालच्या ओळीचा रंग सांग."

ती ओळ हिरवीच राहायला हवी होती. सगळी मेहनत त्या एका ओळीसाठी होती. नचिकेतने माइक बंद केला. बाबा नेहमीपेक्षा जरा उशिरा बोलले.

"लाल."

म्हणजे नियम फसला! एवढे दिवस पाण्यात गेले. त्याने माइक सुरू केला आणि कसंबसं म्हणाला, "लाल."

"लाल?" स्वाती थांबली. "अरे, ही हिरवी आहे. तुझं बरोबर चाललंय की. नीट बघ ना."

माइक बंद करून तो वळला. बाबा त्याच्याकडेच बघत होते.

"मी जानबूझके चुकीचं पुकारलं," ते म्हणाले. "जोडीदार ऊंघतोय असं वाटलं की आम्ही असंच करायचो. जागा असला तर भांडतो." मग हळूच म्हणाले, "तू भांडला नाहीस."

"हॅलो? नचिकेत, आहेस ना?" कानात स्वाती.

"मेडिकलला फेल झालास तू," बाबा म्हणाले.

त्याने मान हलवली.

"म्हणजे रेल्वेला लाथ मारली नव्हतीस."

"नाही."

नेट अडकलं, चुकून बोललो, अशी एक थाप अजून जिभेवर तयार होती. स्वातीने ती गिळलीही असती. पण समोर बसलेल्या माणसाला आता सगळं कळलं होतं, आणि त्याच्या देखत ती थाप मारायची नचिकेतला लाज वाटली. त्याने माइक सुरू केला.

"स्वाती, मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. आत्तापर्यंतचे रंग माझे वडील सांगत होते. नियम माझे आहेत. रंग मी कधी पाहिलेले नाहीत."

बोलून झालं. मेडिकलच्या डॉक्टरांनी पुस्तक मिटलं होतं तो क्षण त्याला आठवला.

"अरे, मग सांगायचं ना!" स्वाती म्हणाली. "आपल्या अजयलाही दिसत नाही. त्याने तर रुजू होतानाच सांगितलं होतं. रंगासोबत जाड-तिरकं अक्षर वापरतो तो, तुलाही लावून दिलं असतं. थांब, त्यालाच बोलावते. दोघं मिळून बघा, हे उद्या पाठवू." आणि ती अजयला शोधायला गेलीसुद्धा.

एवढंच! ज्याच्यासाठी झोप उडवली, आईला खोटं बोलायला लावलं, बापाची बोलणी खाल्ली, ते सगळं तिने भाजीचा भाव सांगावा तसं निकालात काढलं. नचिकेतला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला आला राग.

गजाननराव खुर्चीतून हलले नव्हते. "तुझ्या आईला सांगितलंस," ते म्हणाले. "आता त्या पोरीलाही सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर काय केलं असतंत बाबा?"

‘तुला सांभाळून घेतलं असतं’, असं अशा वेळी कुठलाही बाप जे म्हणेल ते गजाननरावांच्या ओठांवर आलं. त्यांनी तोंड उघडलं, पोराकडे पाहिलं आणि ते तसंच परत गिळलं.

"तुला म्हटलं असतं," ते म्हणाले, "कुणापाशी बोलू नकोस."