मी, नोना टॅकेटसाठी आणलेला रिव्हॉल्व्हर

मी गुलाबी मुठीचा एक छोटा रिव्हॉल्व्हर. बर्ल स्टँपरच्या दुकानात काचेच्या कपाटात पडून हे सांगतो आहे. माझ्या एका बाजूला शिकारीचे सुरे आहेत. दुसऱ्या बाजूला बायकांच्या पर्सा आहेत, माझ्यासारख्याला लपवायला चोरकप्पा असलेल्या. पर्सा खपतात. सुरेही खपतात. मीही खपतो, पण परत येतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. अंग हलक्या धातूचं, नळी आखूड, पोटात पाच गोळ्या. माझ्याच साच्यातल्या भावांना काळ्या मुठी मिळाल्या आणि ते पोलिसांच्या घोट्याला बांधून फिरायला गेले. आमच्या काही जणांच्या बाबतीत कोणीतरी ठरवलं, की बायकांना गुलाबी आवडतं. त्या कोणीतरीला मी कधी पाहिलं नाही. त्याने कुठल्या बाईला विचारलं होतं, तेही मला माहीत नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गेल टॅकेट दुकानात आला. गेल लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर असतो. दुकानात स्टोव्हजवळ एक बाक आहे आणि त्यावर निवृत्त माणसं कॉफी पीत बसलेली असतात. कोण काय विकत घेतो याची काळजी त्यांना घेणाऱ्यापेक्षा जास्त.

"लग्नाचा वाढदिवस आहे," गेल म्हणाला. "नोनाला काहीतरी द्यायचंय. पहिलीच बंदूक आहे तिची."

"बाईमाणूस आहे, हलकं दे तिला," बाकावरून एक आवाज आला.

"लहान दे. हात लहान असतात त्यांचे," दुसरा म्हणाला.

बर्लने मला काढून गेलच्या तळहातावर ठेवलं. गेलच्या हातात मी खेळण्यासारखा दिसलो. तो हसला. गेलला बंदूक विकायला हरकत नाही ना, या सरकारी चौकशीचा फोन झाला, होकार आला आणि बर्लने माझ्या खोक्याला रिबीन बांधली. त्या सगळ्या वेळात नोनाचा हात केवढा आहे, हे कोणी विचारलं नाही. मी वजनाने हलका आहे म्हणून माझा धक्का जास्त बसतो आणि चाप इतका जड आहे की नवख्या बोटाने तो ओढताना नळीच नेमावरून सरकते, हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांच्यातल्या दोघांनी माझ्यासारखेच रिव्हॉल्व्हर बायकांना दिले होते आणि ते अजून कपड्यांच्या खणात तसेच पडून होते.

नोनाने रिबीन सोडली, मला पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे." तोकडा स्वेटर भेट मिळाल्यावर माणसं ज्या आवाजात म्हणतात, त्याच आवाजात.

मला का आणलं, ते मला त्या घरात राहून हळूहळू कळलं. ऑक्टोबरमध्ये, गेल बाहेर असताना, दिवेलागणीला कोणीतरी नोनाच्या दाराची मूठ फिरवली होती. हाक नाही, टकटक नाही. मूठ फिरली, थांबली, पुन्हा फिरली. नोना फोन छातीशी धरून बोळात उभी राहिली. पोलीस अर्ध्या तासाने पोचले. त्यांना ओसरीच्या फळ्यांवर ओली पावलं सापडली, माणूस सापडला नाही.

तेव्हापासून गेल बाहेर गेला की नोना सासूकडे झोपायला जायची. कोंबड्या उपाशी, घर थंड. गेलने निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "उन्हाळ्यापर्यंत बघू. तुला इथे एकटीला राहता येत नसेल तर विकून टाकू आणि गावात राहू." ते घर नोनाच्या वडिलांनी घेतलेलं. मागची नाशपातीची झाडं त्यांनी लावलेली. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्याकडून हवं होतं ते एवढंच. तिला आपल्या घरात झोपता यावं.

गेल तिला एका रविवारी मागच्या रानात घेऊन गेला. पहिल्या गोळीला तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात सालटं निघालं. दुसऱ्या गोळीच्या आधीच तिने डोळे मिटले. कागदाची थाळी झाडाला लावली होती, ती तशीच कोरी राहिली.

"सवय होईल," गेल म्हणाला.

"होईल," ती म्हणाली.

गेल ट्रक घेऊन दक्षिणेकडे गेला. नोनाने मला फ्रिजवर बिस्किटांच्या डब्यामागे ठेवलं आणि ती झोपायला सासूकडे गेली.

मार्चमध्ये तिने स्वतःहून एक गोष्ट केली. आर्डिथ को नावाच्या बाई जुन्या दगडाच्या खाणीत शनिवारी सकाळी बायकांना बंदूक शिकवतात. पूर्वी त्या तुरुंगात पहारेकरी होत्या. देह भरभक्कम, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. नोनाने मला त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा त्यांनी आधी माझं गोळ्यांचं चक्र उघडून मी रिकामा असल्याचं पाहिलं. मग मूठ पाहिली.

"नवऱ्याने आणलं?"

"हो."

"रंग बघून चोर आधी हसेल. तेवढाच वेळ मिळेल तुला." त्यांनी सालं थुंकली. "राहतेस कुठे?"

"ओढ्याच्या अलीकडे. टॅकेट."

"सायझमोरांच्या घरात, असं सांग ना."

"माझ्या वडिलांनी घेऊन तीस वर्षं झाली त्याला."

"म्हणून काय झालं. घर सायझमोरांचंच," आर्डिथबाई म्हणाल्या. आमच्याकडे घराला ज्यांचं नाव एकदा चिकटलं, ते विकलं तरी निघत नाही. नोनाला ते आवडलं नाही.

नोनाने ऑक्टोबरातली हकिकत सांगितली, तेव्हा बाईंनी विचारलं, "ऑक्टोबरात मूठ फिरली तेव्हा तू काय बोललीस?"

"काही नाही."

"कोण आहे, असं विचारलं नाहीस?"

आमच्याकडे दिवसा दाराला कुलूप नसतं. येणारा अंगणातूनच हाक देतो आणि सरळ आत येतो. बंद दाराआडून 'कोण आहे' म्हणणं म्हणजे आलेल्या माणसाचा पाणउतारा. तो आपल्याच शेजाऱ्याला चोर ठरवण्यासारखा प्रकार. लहानपणापासून कोणी ते शिकवत नाही आणि कोणी ते करतही नाही.

"बरं दिसत नाही ते," नोना म्हणाली.

"आणि न बघता गोळी घालणं बरं दिसतं?"

त्या सकाळी आर्डिथबाईंनी कोणाला एकही गोळी झाडू दिली नाही. सगळ्या बायकांना ओळीत उभं केलं आणि खाणीच्या भिंतीकडे तोंड करून ओरडायला लावलं. "कोण आहे?" एवढंच. बायका हसायला लागल्या. एकीला ठसका लागला. पहिल्यांदा नोनाच्या तोंडून जे निघालं, ते चर्चमध्ये शेजारणीला पुस्तकाचं पान विचारावं तसं होतं.

"त्याला ऐकू येईपर्यंत तो चोर म्हातारा होईल," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

मी तोवर टेबलावर उघड्या चक्राने पडलो होतो. गोळी झाडायला शिकण्यापेक्षा या बायकांना ओरडायला शिकणं अवघड जात होतं, हे मी पाहिलं. पुढच्या शनिवारपर्यंत नोनाचा आवाज भिंतीवर आपटून परत येऊ लागला.

बाई तिच्या घरीही आल्या. बंदूक निवडायच्या आधी उभं राहायची जागा निवड, असं त्यांचं म्हणणं. दार समोर दिसेल, आपण चटकन दिसणार नाही आणि गोळी भिंत फोडून गेलीच तर पलीकडे कोणी नसेल, अशी जागा. कोठीच्या दाराशी ती सापडली. बोट चापावर नाही, अंगाच्या बाजूला सरळ. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की नोना नंतर दूध ओतताना पातेल्याच्या कानापाशीही बोट तसंच सरळ धरायची.

मग ती बर्लच्या दुकानात गेली. गेलही घरी होता, तोही गेला. या खेपेला तिने पाच-सहा रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं हातात धरली, रिकाम्या चापावर बोट ओढून पाहिलं. बाकावरचे लोक सल्ले देत होते.

"काका, तुमच्या बायकोला कुठलं दिलंत?" नोनाने एकाला विचारलं.

"हेच. गुलाबी."

"झाडते का ती?"

त्याने कॉफीत तोंड घातलं.

तिला एक पोलादी रिव्हॉल्व्हर बरा वाटला. माझ्या दुप्पट वजनाचा, नळी लांब, मूठ साधी लाकडी. वजनामुळे धक्का अंगात जिरतो. बर्लकडचा नमुना दुसऱ्या गिऱ्हाइकाने सांगून ठेवलेला होता, तेव्हा तसाच दुसरा मागवावा लागणार होता.

"मी दिलेला आवडला नाही, असं सांगायचं होतंस," गेल म्हणाला. तो दुखावला होता, पण आवाज चढला नव्हता.

"तू दिलास म्हणून आवडला. हातात धरल्यावर नाही आवडला."

"पोरी, तो येईपर्यंत हा असू दे," बर्ल म्हणाला. "मग परत घेईन." म्हणून मी आणखी काही दिवस फ्रिजवर राहिलो. आता बिस्किटांच्या डब्यामागे नाही, कुलपाच्या पेटीत. किल्ली नोनाच्या गळ्यात.

एप्रिलमधल्या त्या दुपारी गेल बाहेरगावी होता. नोना शेगडीवर घेवड्याचं सूप ढवळत होती. मक्याचा पाव ओव्हनमध्ये होता. दाराची मूठ फिरली.

थांबली. पुन्हा फिरली.

नोनाने आधी शेगडी बंद केली. मग पेटी उघडली, मला काढलं आणि माझ्यात गोळ्या आहेत याची खात्री केली. ती कोठीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. माझी नळी दाराकडे. बोट बाजूला, सरळ. तिच्या तळहाताचा घाम माझ्या मुठीला लागला.

"कोण आहे?" ती ओरडली. बाहेर कोंबड्या फडफडल्या.

मूठ थांबली. मग पलीकडून म्हातारा, कंटाळलेला आवाज आला.

"आई, दार कशाला लावलंस? पाय भिजलेत माझे."

नोना जागची हलली नाही. "नाव सांग."

"लॉइड."

"कुठला लॉइड?"

"तुझाच की," आवाज म्हणाला. "अजून किती लॉइड आहेत तुला?"

ती भिंतीला धरून खिडकीशी गेली आणि पडद्याच्या कडेतून पाहिलं. घरातल्या सपाता घातलेला एक वाकलेला म्हातारा ओसरीवर उभा होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला. रिकामे हात दाराच्या मुठीवर. ओढ्यापलीकडे आपल्या पुतणीकडे राहणारा लॉइड सायझमोर. तो याच घरात जन्मला होता.

नोनाने माझं चक्र उघडलं आणि गोळ्या हातात घेतल्या. मला पेटीत ठेवून कुलूप लावलं. मग दार उघडलं.

लॉइड तिच्याकडे न बघता आत आला. स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून त्याने कोऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"चूल कुठे हलवलीस?"

"त्या बाजूला," नोना म्हणाली. "इथे उजेड कमी यायचा."

"मला विचारायचं तरी." तो खुर्चीवर बसला. तिने त्याच्या पायांतल्या सपाता काढल्या, टॉवेल दिला, सूप वाढलं. मक्याचा पाव कडेला थोडा करपला होता, लॉइडने तेवढाच भाग आधी खाऊन टाकला. पुतणीला फोन केला तेव्हा ती धावत आली. "ऑक्टोबरमध्येही असेच चिंब होऊन आले होते," ती म्हणाली. "कुठे गेले होते, ते काही सांगेनात."

ते दोघे गेल्यावर नोनाने लॉइडची वाटी धुऊन ठेवली. मग तिने गेलला फोन लावला.

"ऑक्टोबरातला माणूस आत्ताच गेला. सूप पिऊन."

तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे आता बंदूक नको तुला," गेल म्हणाला.

"हवी. जगातले सगळे काही लॉइड नसतात. फक्त तू आणलेली नको."

"आणि घर?"

"घर विकायचं नाही. आज मी इथेच झोपणार आहे."

ती झोपली. मी पेटीत होतो, पण घरात माणूस झोपलं असलं की कळतं.

आठवड्याभराने पोलादी रिव्हॉल्व्हर आला आणि मी या कपाटात परत आलो. नोना अधूनमधून काडतुसं घ्यायला येते. माझ्याकडे बघत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. मी तिच्या हाताचा नव्हतो.

काल एकजण बायकोसाठी काहीतरी लहान, हलकं बघायला आला होता. त्याने काचेवर बोट ठेवलं, माझ्यावरच. बर्ल म्हणाला, "तिला घेऊन ये." तो म्हणाला, "अरे, भेट आहे, तिला आधी कळता कामा नये." बर्लने मला न काढता कपाटाला कुलूप घातलं. बाकावरून पहिल्यांदाच कोणी काही बोललं नाही.

तुम्हीही कधी अशा काचेवर वाकाल, म्हणून सांगतो. माझ्यात वाईट काही नाही. नळी सरळ आहे, चक्र साफ आहे, दाबाल तेव्हा मी चालेन. एप्रिलमधल्या त्या दुपारीही चाललो असतो. चोर असता तर चाललो असतो आणि ओल्या सपातांतला म्हातारा होता, तरीही चाललो असतो. माझ्या लेखी दोघांत काहीच फरक नव्हता. फरक कळायला विचारावं लागतं आणि मला विचारता येत नाही.